विमानांच्या नाकपुड्या घडविणारा अभियंता

१८ जून १९८१. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात, अधिकृत नकाशांत स्थान नसलेल्या ग्रूम लेकच्या धावपट्टीवरून त्या दिवशी एका चमत्कारिक विमानाने पहिले उड्डाण केले. पैलू पाडलेल्या दगडासारखे दिसणारे ते विमान वैमानिक हॅल फार्ली यांनी हवेत नेले. योगायोग असा, की ज्यांच्या देखरेखीखाली ते साकारले त्या बेन रिच यांच्या वयाला त्याच दिवशी ५६ वर्षे पूर्ण होत होती. पुढे 'एफ-११७' या नावाने जगाला ठाऊक झालेले हे विमान रडारच्या डोळ्यांत धूळ फेकणारे पहिले प्रत्यक्ष लढाऊ विमान ठरले. पण त्याला ध्वनीचा वेग ओलांडता येत नव्हता. आणि रिच यांची आधीची सारी ख्याती उभी होती ती ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने उडणाऱ्या विमानावर!

वेगाच्या शिखरावर पोहोचलेल्या माणसाने वेगावर पाणी का सोडले, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात जसे आहे, तसेच ते विमानाच्या एका दुर्लक्षित भागातही आहे. हा भाग म्हणजे इंजिनाला हवा पुरविणारे तोंड. इंग्रजीत त्याला एअर इनटेक म्हणतात. आपण त्याला विमानाची नाकपुडी म्हणू. सामान्य प्रेक्षकाची नजर पंखांवर, शेपटीवर किंवा मागून निघणाऱ्या ज्वाळेवर खिळते; नाकपुडीकडे कुणी पाहत नाही. रिच यांनी मात्र उमेदीची सारी वर्षे या नाकपुड्यांवरच घालविली.

बेंजामिन रॉबर्ट रिच यांचा जन्म १८ जून १९२५ रोजी फिलिपिन्सची राजधानी मनिला येथे झाला. वडील लाकडाच्या गिरणीत वरिष्ठ पदावर होते. युद्धाचे ढग दाटून आले तेव्हा, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला करण्याच्या थोडेसे आधी, हे ज्यू कुटुंब अमेरिकेत आले आणि लॉस एंजेलिस येथे स्थिरावले. सुखवस्तू घर मागे राहिले होते. युद्धाच्या काळात तरुण बेन यांनी यंत्रशाळेत वडिलांच्या जोडीने काम केले. त्यामुळे महाविद्यालयाची पायरी चढायला उशीर झाला. बर्कले येथून १९४९ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून उष्णतेच्या आणि वायुगतीच्या शास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून ते १९५० मध्ये लॉकहीड कंपनीत दाखल झाले.

तेथील त्यांचे पहिले पेटंट ऐकून हसू यावे असे आहे. नौदलाच्या विमानांत वैमानिकांना लघुशंकेसाठी दिलेली नळी अतिथंडीत गोठे आणि त्याचा फार त्रास होई. रिच यांनी त्या नळीला विजेच्या तारेने ऊब देण्याची युक्ती काढली. पुढच्या काळात मित्रमंडळींत हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत. विनोदाची ही हौस त्यांना शेवटपर्यंत पुरली आणि सेनाधिकाऱ्यांकडून कामे मिळविताना उपयोगीही पडली.

१९५४ च्या डिसेंबरात त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. लॉकहीडच्या बरबँक येथील कारखान्यात 'स्कंक वर्क्स' नावाचा एक बंदिस्त, अतिगुप्त विभाग होता. क्लॅरेन्स 'केली' जॉन्सन हे त्याचे सर्वेसर्वा. जॉन्सन म्हणजे साक्षात जमदग्नी. चुकीला क्षमा नाही आणि बढाईला थारा नाही. त्यांना थोड्या दिवसांसाठी उष्णतेचे गणित जाणणारा माणूस हवा होता. एफ-१०४ या लढाऊ विमानाच्या हवामार्गांवर काम केलेले रिच त्यांच्याकडे उसने म्हणून गेले आणि कायमचेच तेथे राहिले. यू-२ या ७० हजार फुटांवरून उडणाऱ्या टेहळणी विमानाच्या नाकपुड्या हे त्यांचे तेथील पहिले काम. त्या उंचीवर हवा इतकी विरळ, की इंजिनाला ती संथपणे आणि पुरेशी मिळाली नाही तर आतील ज्योत विझून जाई.

येथे थोडे थांबून नाकपुडीचे शास्त्र समजून घ्यायला हवे. जेट इंजिनाच्या तोंडाशी कॉम्प्रेसरची पाती फिरत असतात. ही पाती ध्वनिवेगाहून जलद येणारी हवा पचवू शकत नाहीत. विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जात असो वा तिप्पट, पात्यांपाशी पोहोचेपर्यंत हवेचा वेग ध्वनीच्या साधारण निम्म्यावर आणावाच लागतो. हे काम नाकपुडीचे. ध्वनिवेगाहून जलद हवा मंदावते तेव्हा आघाततरंग निर्माण होतो. त्यात हवेच्या एकूण दाबाचा, म्हणजेच इंजिनाच्या उपयोगी पडणाऱ्या शक्तीचा, काही वाटा कायमचा वाया जातो. साध्या, उघड्या तोंडाच्या नाकपुडीसमोर एकच सरळ उभा आघाततरंग तयार होतो. ध्वनीच्या दीडपट वेगाला त्यात सुमारे ७ टक्के दाब वाया जातो. हे परवडते. दुप्पट वेगाला ही हानी २८ टक्के होते आणि तिप्पट वेगाला तब्बल ६७ टक्के! म्हणजे इंजिन कितीही दणकट बसवा, हवेची शक्ती दारातच संपलेली असते.

यावर उपाय असा, की हवेला एकदम न थोपविता टप्प्याटप्प्याने थोपवावे. तोंडाशी शंकू किंवा उतरती फळी बसविली, की एका जबर आघाताऐवजी तिरप्या, सौम्य आघातांची मालिका तयार होते आणि दाब बराच वाचतो. मात्र वेग बदलला की या तरंगांचे कोन बदलतात. म्हणून शंकू किंवा फळी वेगानुसार हलती ठेवावी लागते. मराठी वाचकाला याचे उदाहरण दूर शोधायला नको. नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ज्या मिग-२१ विमानांची बांधणी झाली, त्यांच्या नाकातला टोकदार शंकू नेमके हेच काम करीत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये ही विमाने भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली. त्यांचा शंकू शोभेसाठी नव्हता. त्याच्या पुढे-मागे सरकण्यावर त्या विमानाचा ध्वनीच्या दुप्पट वेग अवलंबून होता.

हाच शंकू रिच यांनी पराकोटीला नेला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी गुप्तचर संस्थेला ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने उडणारे टेहळणी विमान हवे होते. ए-१२ आणि त्यातून पुढे उत्क्रांत झालेले एसआर-७१ 'ब्लॅकबर्ड' ही ती विमाने. ए-१२ ने एप्रिल १९६२ मध्ये प्रथम उड्डाण केले. हवामार्ग, इंजिन आणि उष्णता यांची जबाबदारी रिच यांच्या गटाकडे होती. ब्लॅकबर्डच्या प्रत्येक इंजिनापुढे एक भला मोठा शंकू असे. ध्वनीच्या १.६ पट वेगापर्यंत तो पुढेच राही. त्यानंतर वेग वाढेल तसा मागे सरकत सर्वोच्च वेगाला सुमारे ६६ सेंटिमीटर मागे येई. त्या वेगाला विमानाला पुढे नेणाऱ्या एकूण रेट्यापैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या नाकपुडीचा असे. ज्वलन इंजिनात होत असले, तरी विमान जणू त्याच्या श्वासावरच चालत होते.

या नाकपुडीने रिच यांची झोपही उडविली. आत कोंडलेला आघाततरंग जागेवरून किंचित जरी ढळला, तरी तो फटकन तोंडाबाहेर फेकला जाई. त्या बाजूचे इंजिन क्षणात निपचित पडे, विमान त्या अंगाला हिसका खाई आणि वैमानिकाचे शिरस्त्राण काचेवर आदळे. हवाई भाषेत याला 'अनस्टार्ट' म्हणत. वैमानिक वैतागले. दोष पुरता घालविणे त्या काळच्या नियंत्रण यंत्रणेला शक्य नव्हते. तेव्हा रिच यांनी दोषाशी तडजोड करणारा तोडगा काढला. एका बाजूची नाकपुडी कोसळली, की दुसऱ्या बाजूचीही यंत्रणेनेच क्षणभर सोडून द्यायची आणि मग दोन्ही पुन्हा एकदमच सावरायच्या. धक्का राहिला, पण विमान एका बाजूला भेलकांडणे थांबले. १९८० च्या दशकात संगणकीय नियंत्रण आल्यावर हा त्रास खऱ्या अर्थाने आटोक्यात आला.

शास्त्रातला एक साधा नियमही त्यांनी येथे कामी आणला. जो पृष्ठभाग उष्णता चांगली शोषतो, तो ती चांगली बाहेरही टाकतो. म्हणून विमान काळे रंगवावे, असे त्यांनी सुचविले. रंगाचे वजन वाढेल म्हणून जॉन्सन यांनी आधी ते झिडकारले आणि दुसऱ्याच दिवशी मान्य केले. 'ब्लॅकबर्ड' हे नाव त्या रंगावरून पडले. तरीही उष्णतेने आपली सीमा आखून दिलीच. उणे ५५ अंशांची बाहेरची हवा नाकपुडीत दबली जाऊन ४०० अंशांच्या घरात तापे. इंजिनाच्या तोंडाशी ४२७ अंश सेल्सिअस ही मर्यादा होती. ब्लॅकबर्डचा अंतिम वेग ठरे तो या तापमानावरून. २८ जुलै १९७६ रोजी या विमानाने ताशी ३५२९ किलोमीटरचा विक्रम नोंदविला. जेट विमानांत तो आजही अबाधित आहे.

त्या विक्रमाच्या दीड वर्ष आधी, जानेवारी १९७५ मध्ये, रिच स्कंक वर्क्सचे प्रमुख झाले होते. मधल्या काळात नॉर्थ्रॉप या प्रतिस्पर्धी कंपनीने त्यांना बोलावणे धाडले होते. जॉन्सन यांनी आपल्या खुर्चीचा वारसा देऊ करून त्यांना थांबवून घेतले. परंतु वारसा मिळाला तो पडत्या काळात. व्हिएतनाम युद्ध संपत आलेले, संरक्षण खर्चाला कात्री लागलेली आणि प्रवासी विमानाच्या धंद्यात लॉकहीडने हात पोळून घेतलेले. रिच यांना तातडीने नवे काम हवे होते.

ते काम एका तरुण सहकाऱ्याने आणून दिले. १९६२ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झालेला प्योत्र उफिमत्सेव्ह या भौतिकशास्त्रज्ञाचा ग्रंथ अमेरिकी हवाई दलाने भाषांतरित करून ठेवला होता. गणिताने गच्च भरलेला तो ग्रंथ वाचण्याचे कष्ट डेनिस ओव्हरहोल्सर यांनी घेतले. विमान सपाट पैलूंचे बनविले, तर त्यावर आदळून परतणारे रडारचे तरंग आधीच मोजता येतील, हे त्यांनी ताडले. बाहेर आलेला आकार इतका बेढब होता, की वायुगतीच्या जाणकारांनी त्याला कुचेष्टेने 'हताश हिरा' म्हटले. जॉन्सन आता निवृत्त सल्लागार होते. त्यांचाही विश्वास बसेना. आपले जुने डी-२१ हे वैमानिकरहित टेहळणी विमान रडारवर याहून कमी दिसेल, अशी त्यांनी रिच यांच्याशी पाव डॉलरची पैज लावली. डी-२१ म्हणजे तोंडाशी शंकू बसविलेली, ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडणारी जणू नुसती नाकपुडीच! चाचणीत हिरा कितीतरी पटींनी सरस ठरला आणि जॉन्सन यांनी नाणे काढून दिले. वेगाच्या पिढीने अदृश्यतेच्या पिढीला दिलेला तो कौल होता, असे आज वाटते.

सरकारी स्पर्धेत लॉकहीडला आधी निमंत्रणच नव्हते. रिच यांनी खटपट करून प्रवेश मिळविला, तोही अवघ्या एक डॉलरच्या करारावर. १९७६ मध्ये नॉर्थ्रॉपच्या नमुन्याशी झालेल्या सामन्यात त्यांचा नमुना जिंकला. मग रिच सेनाधिकाऱ्यांच्या दालनात जात आणि त्यांच्या टेबलावर पोलादी छर्रे घरंगळत सोडीत. रडारला आपले विमान एवढेच दिसेल, हे सांगण्याची ती त्यांची रीत होती.

खरी पंचाईत मात्र पुढे होती आणि ती रिच यांच्या जुन्या सोबतिणीनेच, नाकपुडीने, उभी केली. समोरून येणाऱ्या रडारच्या तरंगांना विमानात सर्वांत ठळक काय दिसत असेल, तर इंजिनाचे तोंड. सरळ हवामार्गातून तरंग आत शिरतात, फिरत्या पात्यांवर आदळतात आणि जसेच्या तसे माघारी येतात. ब्लॅकबर्डला वेग देणारा हलता शंकू येथे कुचकामी, किंबहुना घातक होता. हलणारा भाग म्हटला की फटी आल्या, कडा आल्या, पायऱ्या आल्या. त्यातली प्रत्येक गोष्ट रडारला आरसा दाखविते. चाचणीच्या काळात एकदा केवळ तीन स्क्रू नीट पिळले न गेल्याने अख्खे विमान रडारवर ठसठशीत दिसू लागले होते. तेथे मनगटाएवढ्या फटींची काय कथा!

अखेर नाकपुड्यांवर जाळी बसविण्याचे ठरले. जाळीची छिद्रे सुमारे दीड सेंटिमीटरची, म्हणजे शत्रूच्या नेहमीच्या रडारच्या तरंगलांबीहून लहान. एवढ्या लहान छिद्रांतून रडारचे तरंग आत शिरत नाहीत. त्यांच्या लेखी ती जाळी म्हणजे सपाट पत्राच. हवा मात्र आत जाते. पण तीही फुकट नाही. बारीक छिद्रांतून जाताना दाब घटतो आणि ध्वनिवेगाच्या पलीकडे तर अशी जाळी इंजिनाचा श्वासच कोंडेल. उड्डाणाच्या वेळी हवा कमी पडू नये म्हणून वरच्या अंगाला जादा झडपा द्याव्या लागल्या. जाळीवर बर्फ धरे, तो निपटण्यासाठी मोटारीच्या काचेवर असतो तसा वायपर बसवावा लागला. तिप्पट वेगाची नाकपुडी घडविणाऱ्या अभियंत्याच्या हाताखाली बर्फ पुसायची दांडी बसविली जावी, हा काळाचा विनोदच.

एफ-११७ ध्वनीच्या आत राहिले ते एकट्या जाळीमुळे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पैलूंचा आकार वेगाला प्रतिकूल होताच. उष्णतेचा माग लागू नये म्हणून आफ्टरबर्नर मुद्दाम टाळला होता आणि मागून बाहेर पडणारा तप्त वायू चपट्या फटींतून पसरवून थंड केला जाई. परंतु या साऱ्या गोष्टी बदलल्या असत्या, तरी ती जाळी राहीपर्यंत विमान ध्वनिवेगाच्या पलीकडे गेले नसते. रिच यांनी हे पुरते जाणून होकार दिला. आपल्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी निर्णय हाच. जी विद्या त्यांना प्रतिष्ठा देऊन गेली, तीच त्यांनी बाजूला ठेवली. दिसणारच नसेल तर पळावे कशाला, हा त्यामागचा हिशेब होता.

'हॅव ब्लू' या नावाच्या पहिल्या प्रायोगिक विमानाने १ डिसेंबर १९७७ रोजी उड्डाण केले. अशी दोन विमाने बांधली होती. दोन्ही पुढे अपघातात गेली, पण तोवर सिद्धांत खरा ठरला होता. त्यांतून उभे राहिलेले एफ-११७ हे १९८३ मध्ये सेवेत आले आणि नोव्हेंबर १९८८ पर्यंत जगाला त्याचे अस्तित्व अधिकृतपणे ठाऊकही नव्हते. १९९१ च्या आखाती युद्धात कडेकोट बंदोबस्ताच्या बगदादवर रात्रीमागून रात्री हल्ले करूनही यांतील एकही विमान पडले नाही. संथपणाची किंमत मात्र होतीच. ते फक्त अंधारात वापरायचे, आखलेल्या वाटेने न्यायचे आणि दिसलेच तर पळून जाण्याची सोय नाही. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एक एफ-११७ क्षेपणास्त्राने पाडले गेले. तो दिवस पाहायला रिच हयात नव्हते.

त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या टप्प्यावर हा पेच पुन्हा समोर आला. हवाई दलाला आता अदृश्यही आणि ध्वनीहून जलदही असे लढाऊ विमान हवे होते. आधीच्या एफ-१५ च्या नाकपुड्यांत हलत्या फळ्या होत्या आणि त्याचा वेग ध्वनीच्या अडीचपट. लॉकहीड आणि तिच्या भागीदारांच्या वायएफ-२२ ने, म्हणजे पुढच्या एफ-२२ च्या नमुन्याने, २९ सप्टेंबर १९९० रोजी पहिले उड्डाण केले. त्याच्या नाकपुड्यांत हलणारे काहीही नव्हते. तिरक्या कापलेल्या कडाच आघाततरंगाला सौम्य करतात आणि आतला नागमोडी हवामार्ग कॉम्प्रेसरची पाती दृष्टिआड ठेवतो. जाळी गेली, हलती फळीही गेली. वेग ध्वनीच्या दुपटीच्या आसपास राहिला. एफ-१५ च्या तुलनेत वरचा थोडा वेग सोडून दिला, पण त्या बदल्यात गुप्तता टिकली, वजन वाचले आणि देखभाल सोपी झाली.

हीच वाट पुढे एफ-३५ ने अधिक टोकाला नेली. त्याच्या नाकपुडीपाशी केवळ एक स्थिर फुगवटा आहे. तो धडाजवळची मंद, खळबळलेली हवा बाजूला सारतो आणि त्यासाठी पूर्वी लागणारी फटच नाहीशी करतो. वेग ध्वनीच्या १.६ पट. वर दिलेली हानीची टक्केवारी आठवली, तर हा आकडा असा का, हे निराळे सांगायला नको. रशियाच्या सुखोई-५७ ने उलट बाजूने हलत्या फळ्या राखल्या. तेथे वेगाची सोय झाली; लपण्याच्या बाबतीत मात्र त्याची किंमत मोजावी लागते. भारताच्या नियोजित 'अॅम्का' या विमानाच्या आराखड्यात स्थिर फुगवटा आणि नागमोडी हवामार्ग यांचीच निवड झाली आहे.

केली जॉन्सन २१ डिसेंबर १९९० रोजी निवर्तले. त्याच सुमारास रिच सेवानिवृत्त झाले. एफ-११७ साठी त्यांना आणि त्यांच्या चमूला १९८९ चा कॉलियर पुरस्कार मिळाला होता. लेखक लिओ जॅनोस यांच्या साह्याने लिहिलेले त्यांचे 'स्कंक वर्क्स' हे आत्मकथन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोगाने ५ जानेवारी १९९५ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. स्थिर फुगवट्याच्या नाकपुडीची एफ-१६ वरील पहिली हवाई चाचणी १९९६ च्या डिसेंबरात झाली आणि पहिले एफ-२२ सप्टेंबर १९९७ मध्ये उडाले.

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन येथे हवाई दलाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. नातेवाइकांकडे तिकडे जाणाऱ्यांनी सवड काढून ते जरूर पाहावे. ब्लॅकबर्ड आणि एफ-११७ ही दोन्ही विमाने तेथे ठेवली आहेत. ब्लॅकबर्डचे शंकू सहज नजरेत भरतात. एफ-११७ च्या नाकपुड्या शोधाव्या लागतात. आधी वाटते, ती बाजू बंदच आहे. जवळ गेल्यावर जाळीची छिद्रे दिसतात.